रायसीना टेकडीवरचा जोहार

२५ जुलै २०२२. दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी पंधराव्या राष्ट्रपतींना शपथ दिली. द्रौपदी मुर्मू भाषणाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिला शब्द उच्चारला, ‘जोहार’. ‘नमस्कार’ त्यानंतर आला. संविधान सभा जिथं भरली, त्या घुमटाखाली राष्ट्रप्रमुखाच्या पहिल्या भाषणाची सुरुवात आदिवासींच्या अभिवादनानं होण्याची ही पहिलीच वेळ.

मराठी कानाला हा शब्द परका नाही. चोखामेळ्याचे अभंग आणि एकनाथांची भारुडं यांतून तो आपल्यापर्यंत आलेला आहे. पण तिथला जोहार वेशीबाहेर थांबलेल्या माणसाचा, धन्यापुढं वाकून घातलेला. ‘जय भीम’ म्हणायला शिकलेल्या समाजानं तो टाकून दिला, आणि ते योग्यच झालं. संथाळांचा जोहार याहून निराळा. तो बरोबरीच्या माणसांतला आहे. पाहुण्याला, शेजाऱ्याला, सोयऱ्याला सारखाच घातला जातो. आपल्याकडे पालघर-डहाणूच्या आदिवासी मेळाव्यांत ‘जय जोहार’ म्हणूनच भाषणं सुरू होतात. त्या दिवशी दिल्लीत उमटला तो हा दुसरा जोहार, मान ताठ ठेवून घातलेला.

तो तिथपर्यंत कोणत्या पायऱ्या चढून पोचला आणि तिथं पोचल्यावर त्याचं काय झालं, हे दोन्ही पाहण्यासारखं आहे.

ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात रायरंगपूरच्या भागात उपरबेडा नावाचं संथाळांचं गाव आहे. तिथं २० जून १९५८ रोजी बिरंची नारायण टुडू यांच्या घरी ही मुलगी जन्मली. घरातलं नाव पुती. संथाळांमध्ये नातीला आजीचं नाव द्यायची रीत आहे, म्हणजे नाव मरत नाही. ‘द्रौपदी’ हे नाव शाळेतल्या शिक्षकांनी दिलं, असं त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं आहे. आदिवासी मुलांची नावं शाळेच्या हजेरीपटावर बदलली जाणं ही देशभरची गोष्ट आहे. नंदुरबार, नाशिक, गडचिरोलीच्या आश्रमशाळांत शिकलेल्या कितीतरी जणांकडे घरातलं एक आणि दाखल्यावरचं एक अशी दोन नावं सापडतात. आज राष्ट्रपतिभवनातून निघणाऱ्या प्रत्येक अध्यादेशाखाली उमटणारं नाव अशा एका हजेरीपटावर घडलेलं आहे.

गावातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. भुवनेश्वरच्या रमादेवी महिला महाविद्यालयातून तिनं बी.ए. केलं. १९७९ मध्ये राज्याच्या पाटबंधारे व वीज खात्यात कनिष्ठ सहायकाची नोकरी मिळाली, म्हणजे साधी कारकुनी. संथाळ घरातल्या मुलीला त्या काळी सरकारी नोकरी लागणं हीच मोठी मजल होती आणि बहुतेकींचा प्रवास तिथंच थांबला असता. लग्न झालं, मुलं झाली, १९८३ मध्ये नोकरी सुटली. पुढं रायरंगपूरला श्री अरविंदांच्या नावानं चालणाऱ्या शाळेत त्या शिकवू लागल्या. सार्वजनिक जीवनात त्यांनी पाऊल टाकलं ते वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९९७ मध्ये, रायरंगपूरच्या नगर पंचायतीत नगरसेविका म्हणून.

या तारखेकडं जरा थांबून पाहायला हवं. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. गावपंचायतीपासून महापालिकेपर्यंत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणं बंधनकारक झालं. पहिली काही वर्षं ‘सरपंचपती’, ‘नगरसेविकेचे मिस्टर’ अशी थट्टा महाराष्ट्रातही पुष्कळ झाली. पण त्याच वर्षांत देशभर हजारो बायका प्रथमच मस्टरवर सही करायला, गटाराच्या टेंडरवर बोलायला आणि पाण्याच्या टाकीसाठी भांडायला सभागृहात बसल्या. आपल्याकडच्या बऱ्याच महिला आमदारांचा जिना इथूनच सुरू होतो. मुर्मूंचाही तिथूनच सुरू झाला. राजकीय घराणं पाठीशी नसलेल्या बाईसाठी वॉर्ड हीच खरी शाळा असते.

तीन वर्षांत, २००० साली, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या रायरंगपूर मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर त्या आमदार झाल्या. बिजू जनता दल आणि भाजप यांचं आघाडी सरकार होतं, नवीन पटनाईक मुख्यमंत्री. मुर्मूंना स्वतंत्र कार्यभार असलेलं राज्यमंत्रिपद मिळालं. आधी वाणिज्य व वाहतूक, मग मत्स्यव्यवसाय व पशुसंवर्धन. २००४ मध्ये पुन्हा निवडून आल्या. २००७ मध्ये ओडिशा विधानसभेनं उत्कृष्ट आमदारासाठीचा नीलकंठ पुरस्कार त्यांना दिला. पक्षाच्या आदिवासी आघाडीत राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर कामं केली.

मग पडझड सुरू झाली. २००९ मध्ये दोन पक्षांची युती तुटली आणि मयूरभंजमधून लोकसभेला त्या हरल्या. त्याच सुमारास घरावर एकामागून एक घाव बसले. पहिली मुलगी लहानपणीच गेली होती. २००९ ते २०१५ या काळात दोन तरणे मुलगे, पती, आई आणि भाऊ गेले. या काळात ब्रह्माकुमारींच्या ध्यानकेंद्राचा आधार मिळाल्याचं त्यांनी सांगितलं आहे. २०१४ ची विधानसभाही हरल्या. सासरच्या पहाडपूर गावातलं घर आणि जमीन त्यांनी मुलांच्या निवासी शाळेसाठी देऊन टाकली. गेलेल्या पतीचं आणि मुलांचं स्मरण म्हणून तिथं आज मुलं शिकतात. मागं राहिली ती एक मुलगी. अशा माणसाचं राजकारण इथंच संपलं, असं रायरंगपुरात कुणालाही वाटलं असतं.

मे २०१५ मध्ये त्या झारखंडच्या राज्यपाल झाल्या. त्या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल, आणि जुलै २०२१ पर्यंत, पाच वर्षांहून जास्त काळ त्या पदावर राहिल्या. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत कस लागलेला प्रसंग निवडायचा तर तो इथला आहे.

झारखंडमध्ये दोन जुने जमीन कायदे आहेत: १९०८ चा छोटा नागपूर कूळकायदा आणि १९४९ चा संथाळ परगणा कूळकायदा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या घशात जाऊ नये, हा त्यांचा गाभा. पहिल्या कायद्याच्या मागं बिरसा मुंडांच्या १८९९-१९०० च्या उलगुलानाचा, म्हणजे बंडाचा, धाक होता. आपल्याकडं आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर जे निर्बंध आहेत, त्यांचे हे थोरले भाऊ म्हणता येतील. २०१६ मध्ये रघुबर दास यांच्या भाजप सरकारनं दोन्ही कायद्यांत दुरुस्त्या मंजूर करून घेतल्या. शेतजमिनीचा बिगरशेती वापर करता यावा आणि सरकारला जास्त कामांसाठी जमीन घेता यावी, असा त्यांचा रोख होता. रांचीपासून दुमक्यापर्यंत मोर्चे निघाले, निवेदनांचा ढीग राजभवनावर येऊन पडला.

सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. दिल्लीतलंही त्यांच्याच पक्षाचं. सही करून मोकळं होणं सोपं होतं. २०१७ मध्ये मुर्मूंनी विधेयकं परत पाठवली आणि या बदलांनी आदिवासींचं नेमकं कोणतं भलं होणार, हे सरकारला विचारलं. काही महिन्यांत सरकारनं ती मागं घेतली.

चित्र एकरंगी नाही, हेही इथंच सांगायला हवं. त्याच वर्षी झारखंडचा धर्मांतरबंदी कायदा त्यांच्या संमतीनं लागू झाला, आणि ख्रिस्ती आदिवासींच्या संघटनांचा त्याला कडाडून विरोध होता. पुढं हेमंत सोरेन सरकारनं आदिवासी सल्लागार परिषदेच्या नियमांतून राज्यपालांची भूमिका काढली तेव्हा त्यावरही राजभवनानं हरकत घेतली. पण जमिनीच्या प्रश्नावर आपल्याच लोकांच्या सरकारला थांबवणारा राज्यपाल या देशानं फार वेळा पाहिलेला नाही. केवळ या एका निर्णयासाठी त्यांचं राजभवनातलं वास्तव्य लक्षात ठेवण्याजोगं आहे.

२०२२ चा जून महाराष्ट्रात कुणी विसरलेलं नाही. शिवसेना फुटली, आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, सरकार पडलं. त्याच धामधुमीत २१ जूनला मुर्मूंची उमेदवारी जाहीर झाली. समोर विरोधी पक्षांचे यशवंत सिन्हा. उद्धव ठाकरे तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबत होते, म्हणजे मत सिन्हांना जाणार हे उघड होतं. पण १२ जुलैला त्यांनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला आणि पक्षातल्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या आग्रहाचा उल्लेख केला. नंदुरबारचे आमश्या पाडवी, इगतपुरीच्या माजी आमदार निर्मला गावित ही नावं त्यात होती. २००७ मध्ये मराठी म्हणून प्रतिभाताई पाटलांना मत देताना शिवसेनेनं आघाडीची चौकट मोडली होती. या वेळी सातपुड्यातून आणि सह्याद्रीतून आलेल्या आवाजानं ती मोडली. झारखंड मुक्ती मोर्चा आणि बिजू जनता दलही मुर्मूंच्या बाजूला गेले. मतमूल्याच्या हिशोबात त्यांना ६,७६,८०३ आणि सिन्हांना ३,८०,१७७ मिळाली. जवळपास ६४ टक्के.

निकालाच्या आधी आणखी एक बातमी गाजली होती. भावी राष्ट्रपतींच्या उपरबेड्यातल्या एका पाड्यावर अजून वीजच पोचलेली नव्हती. उमेदवारी जाहीर होताच खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर घेऊन गाड्या गावात शिरल्या. ज्या गावानं देशाला मंत्री आणि राज्यपाल दिला, त्या गावाच्या पाड्याला दिव्यासाठी राष्ट्रपतिपदाची वाट पाहावी लागली. अक्कलकुवा आणि भामरागडच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. राग मात्र यावा.

राष्ट्रपतिभवनात ३४० खोल्या आहेत. रायसीना टेकडीवरची ही इमारत ल्युटेन्स यांनी व्हॉइसरॉयसाठी बांधली. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्ली दाखवायला आणलेले मराठी पाहुणे अमृत उद्यानातले ट्युलिप पाहून परततात. टेकडीचं नाव ज्या रायसीना गावावरून पडलं ते गाव मात्र आता शोधूनही सापडत नाही. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून इकडं आणायचं ठरलं आणि रायसीना, मालचा अशा गावांची जमीन ताब्यात घेतली गेली. मालचातली काही कुटुंबं आजच्या हरियाणात सोनिपतकडं जाऊन वसली, आणि मोबदल्याचं गाऱ्हाणं त्यांच्या नातवंडांपर्यंत चालत आलं. जमिनीवरून उठवल्या गेलेल्यांच्या समाजातली बाई, जमिनीवरून उठवल्या गेलेल्या गावाच्या जागेवर राहते आहे, हे मनात ठेवूनच त्या वास्तूकडं पाहायला हवं.

आणि त्याच दिल्लीत आणि लगतच्या नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींत आणखी आदिवासी स्त्रिया राहतात. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधल्या संथाळ, मुंडा, उराँव मुली ‘प्लेसमेंट एजन्सी’च्या हातून इथल्या घरांत चोवीस तासांच्या कामाला येतात. दलाल कमिशन घेतो, पगार बऱ्याचदा त्याच्याकडंच जातो, सुटी मिळेलच असं नसतं. मारहाणीच्या, कोंडून ठेवल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात, चार दिवस चर्चा होते आणि दुसरी मुलगी कामावर येते. राष्ट्रपतिभवनापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मुर्मू, टुडू, हेम्ब्रम, सोरेन ही आडनावं स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत झोपतात. राजधानीत आदिवासी बाईचं स्थान कोणतं, या प्रश्नाला आजही ही दोन्ही उत्तरं आहेत. त्यातलं दुसरं उत्तर संख्येनं कितीतरी मोठं आहे.

मुर्मूंनी भवनाची दारं आपल्या परीनं उघडली. १२ जून २०२३ रोजी देशातल्या ७५ अतिअसुरक्षित आदिम जमातींचे सुमारे दीड हजार प्रतिनिधी राष्ट्रपतिभवनात आले. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्याच वर्षी जुलैत त्या गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाला गेल्या. २५ डिसेंबर २०२५ रोजी त्यांनी संथाळी भाषेतली भारताची राज्यघटना प्रकाशित केली, ओल चिकी लिपीत. ही लिपी पंडित रघुनाथ मुर्मूंनी १९२५ मध्ये तयार केली आणि तेही मयूरभंजचेच. लिपीची शंभरी आणि तिच्यातली राज्यघटना एकाच वर्षी यावीत, हा योग त्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी केवढा असेल!

पण समारंभापलीकडं राष्ट्रपतीला काय करता येतं? घटनेच्या ७४व्या अनुच्छेदानं राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेला आहे. विधेयक एकदा फेरविचाराला परत धाडता येतं. दुसऱ्यांदा आलं की सही करावीच लागते. झैलसिंगांनी टपाल विधेयक सहीविना ठेवून दिलं, के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत धाडली, कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं. पाऊणशे वर्षांत लक्षात राहावेत असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. उरतो तो शब्द. राष्ट्रपती बोलला तर ऐकावं लागतं.

२६ नोव्हेंबर २०२२ ला त्या बोलल्या. संविधान दिनाचा कार्यक्रम, सर्वोच्च न्यायालयाचं आवार, समोर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती, कायदामंत्री. लिहून आणलेलं भाषण संपवून मुर्मू हिंदीत मनातलं सांगू लागल्या. लहानपणी त्यांच्या गावात तीन माणसांना देवाच्या जागी मानत: शिक्षक, डॉक्टर आणि वकील. आमदार असताना आणि पुढं राज्यपाल झाल्यावर त्या तुरुंग पाहायला गेल्या होत्या. तिथं किरकोळ भांडणावरून वर्षानुवर्षं खितपत पडलेली माणसं भेटली. सोडवून आणायचं तर घरच्यांना जमीन आणि भांडीकुंडी विकावी लागतील, म्हणून कुणी सोडवायलाच येत नाही. तुरुंग भरले म्हणून आणखी तुरुंग बांधायचे, मग आपण पुढं जातो आहोत ते कसले, असं त्यांनी विचारलं. त्या आधीच्या वर्षाची सरकारी आकडेवारी सांगत होती की देशातल्या तुरुंगांतल्या साडेपाच लाखांवर माणसांपैकी ७७ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नव्हता.

तीन दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि अभय ओक यांच्या पीठानं त्या भाषणाचा उल्लेख करून राज्यांकडून माहिती मागवली: जामीन मंजूर झाला पण हमी भरता न आल्यानं आत राहिलेले किती? ३१ जानेवारी २०२३ ला त्यांनी नियमावली घालून दिली. जामिनाचा आदेश तुरुंग अधीक्षकाला ई-मेलनं जावा. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात हमी भरता आली नाही तर कोर्टानं आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थसंकल्पात गरीब कैद्यांचा दंड आणि जामिनाची रक्कम भरायला मदत करण्याची घोषणा झाली. सही, वटहुकूम, अधिकार यांतलं काहीही न वापरता एका भाषणानं एवढं घडवलं. मुर्मूंच्या राष्ट्रपतिपदाचा सर्वात मोलाचा दिवस कोणता, असं विचारलं तर शपथविधीच्या दिवसाआधी या दिवसाचं नाव घ्यावं लागेल.

म्हणूनच जिथं त्या बोलल्या नाहीत ते अधिक खटकतं. मणिपूर २०२३ मध्ये पेटलं. कुकी आणि मैतेई दोन्हीकडच्या बायका रस्त्यावर होत्या, आणि ऑगस्टमध्ये विरोधी पक्षांचं शिष्टमंडळ दाद मागायला त्यांच्याकडं गेलं. त्याच महिन्यात वनसंवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीवर त्यांनी सही केली. जंगलावरचा ग्रामसभेचा हक्क पातळ होईल अशी भीती आदिवासी संघटना व्यक्त करत होत्या. आदिवासींच्या सरना धर्माची जनगणनेत वेगळी नोंद व्हावी ही मागणी २०११ मध्ये सुमारे पन्नास लाख लोकांनी रकान्यात स्वतःच लिहून मांडली, झारखंड विधानसभेनं २०२० मध्ये ठराव केला, तेव्हा राजभवनात मुर्मूच होत्या. ती मागणी तिथंच आहे. २८ मे २०२३ ला नव्या संसदभवनाचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं. ते राष्ट्रपतींच्या हस्ते व्हायला हवं होतं म्हणत विरोधकांनी बहिष्कार टाकला. पदाची बंधनं मोठी आहेत हे मान्य. पण रांचीत ज्या हातानं विधेयक परत धाडलं, त्या हाताकडून लोकांनी आशा ठेवली तर ती गैर कशी म्हणावी?

ऑगस्ट २०२४ मध्ये मुर्मू न्यूझीलंडला गेल्या. वेलिंग्टनच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या पद्धतीनं, ‘पोफिरी’नं त्यांचं स्वागत झालं. यजमान होत्या गव्हर्नर-जनरल डेम सिंडी किरो. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या माओरी स्त्री. संथाळ बाई आणि माओरी बाई, एक राष्ट्रप्रमुख, दुसरी राजप्रमुखाची प्रतिनिधी, दोघी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं बांधलेल्या. अशी भेट जगात क्वचितच घडते.

माओरी स्त्रियांचा रस्ता फार जुना आणि भांडत आलेला आहे. मेरी मांगाकाहिया यांनी १८९३ मध्ये माओरींच्या स्वतःच्या संसदेपुढं उभं राहून स्त्रियांना मत द्या आणि सभागृहातही बसू द्या, असं मागितलं. त्याच वर्षी न्यूझीलंडनं माओरी स्त्रियांसकट सर्व स्त्रियांना मताधिकार दिला. माओरींसाठी राखीव जागा तर १८६७ पासून आहेत. तरी पहिली माओरी स्त्री संसदेत यायला १९४९ उजाडलं. इरियाका राताना यांनी पतीच्या निधनानंतर त्यांच्या जागी निवडणूक लढवली आणि माओरींमधल्याच बड्या माणसांचा विरोध सोसला. फेटू तिरिकातेने-सलिव्हन १९७२ मध्ये पहिल्या माओरी महिला मंत्री झाल्या. नानाया माहुता २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या, हनुवटीवर माओरी स्त्रियांचं पारंपरिक गोंदण घेऊन. आपल्या आदिवासी आज्यांच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण आठवा आणि ते परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत बसलंय अशी कल्पना करा.

२०२३ मध्ये माहुतांना हरवलं ते हाना-रावीती माइपी-क्लार्क या एकवीस वर्षांच्या माओरी मुलीनं. नोव्हेंबर २०२४ मध्ये माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या वाइतांगी तहाचा अर्थ बदलू पाहणारं विधेयक सभागृहात आलं तेव्हा तिनं त्याची प्रत फाडली आणि उभं राहून ‘हाका’ हे माओरी नृत्य सुरू केलं. सभागृह थांबलं, जगानं ते पाहिलं, पुढं तिचं सात दिवसांसाठी निलंबनही झालं. विधेयक एप्रिल २०२५ मध्ये ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. ते मंजूर झालं असतं तर त्यावर संमतीची सही सिंडी किरो यांना करावी लागली असती. सर्वोच्च आसनावर बसलेल्या बाईला जे करता येत नाही, ते करायला बाकांवर माणसं लागतात. किरो यांच्या देशात ती आहेत.

आपल्याकडं? संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या, त्यांत आदिवासी एकही नव्हती. जयपालसिंग मुंडा, १९२८ च्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कप्तान, तिथं आदिवासींची बाजू मांडत होते आणि सभागृहात बायका कमी असल्याचंही बोलून दाखवत होते. आज लोकसभेच्या ५४३ पैकी ४७ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात चार: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. राज्यात आदिवासी एक कोटीहून जास्त, २०११ च्या जनगणनेप्रमाणं.

२०१४ मध्ये हीना गावित या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरनं नंदुरबारला नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणिकराव गावितांना हरवलं. २०१९ मध्ये त्या पुन्हा जिंकल्या आणि दिंडोरीतून डॉ. भारती पवार निवडून आल्या. नाशिक जिल्हा परिषदेत काम केलेल्या भारतीताई २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या, कोविडच्या ऐन दिवसांत. म्हणजे चारपैकी दोन आदिवासी जागांवर बायका होत्या. २०२४ मध्ये दोघीही हरल्या आणि आज महाराष्ट्राच्या चारही राखीव जागांवर पुरुष आहेत.

स्त्रियांना लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणाऱ्या १०६व्या घटनादुरुस्तीवर २८ सप्टेंबर २०२३ रोजी मुर्मूंनीच सही केली. आदिवासी राखीव जागांतही तो वाटा आहे. मात्र जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच तो मिळेल, अशी अट कायद्यातच आहे. खाली मात्र जिना तयार आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. धडगाव, पेठ, जव्हार, एटापल्लीच्या पंचायत समित्यांत आणि ग्रामसभांत कितीतरी आदिवासी बायका दहा-दहा वर्षं मुरलेल्या आहेत. १९९७ च्या रायरंगपूरच्या नगरसेविकेपेक्षा त्यांची तयारी कमी नाही.

मुर्मूंची मुदत जुलै २०२७ मध्ये संपेल. पुढच्या वेळी तिकिटं वाटायला बसणाऱ्या महाराष्ट्रातल्या पक्षांनी या बायकांकडं पाहावं. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहायची गरज नाही.